ट्रायल्स मोटारसायकल: संथ वळणात तोल जातो आणि ओंडक्यावर मागचे चाक फेकले जाते, सराव कोणत्या क्रमाने करावा?

संथचाल (प्रश्न)

नमस्कार. मी नऊ वर्षांपासून रस्त्यावरची मोटारसायकल चालवते आणि त्यांपैकी शेवटची तीन वर्षे कच्च्या वाटांवरही बऱ्यापैकी फिरले आहे. तीन महिन्यांपूर्वी मी एक वापरलेली २५० सीसीची टू-स्ट्रोक ट्रायल्स मोटारसायकल (पाय न टेकता, संथ गतीने दगड-ओंडक्यांसारखे अडथळे पार करण्याच्या खेळाची गाडी) घेतली. आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी साधारण दीड तास, मी एकटीच सराव करते. इतक्या वर्षांच्या सवयीचा येथे उपयोग होईल असे मला वाटले होते, पण प्रत्यक्षात त्या सवयीच आडव्या येत आहेत, म्हणून हा प्रश्न सविस्तर मांडते आहे.

पहिली अडचण वळणाची आहे. सपाट जमिनीवर लहान वर्तुळात, हँडल जवळजवळ पूर्ण वळवून फिरताना गाडी आतल्या बाजूला कोसळू लागते आणि मला पाय टेकावा लागतो. सावरण्यासाठी रेस दिली तर गाडी झटका देऊन वर्तुळाबाहेर जाते. दुसरी अडचण ओंडक्याची आहे. साधारण ३० सेंटीमीटर जाडीच्या ओंडक्यावर पुढचे चाक मी चढवू शकते, परंतु मागचे चाक ओंडक्याला लागताच एक तर गाडीची शेपटी वर उडून मी हँडलवर आदळते, नाही तर मागचे चाक ओंडक्याच्या कडेने घसरत जाते. तिसरी गोष्ट म्हणजे वीस मिनिटांतच माझे कोपरापासून मनगटापर्यंतचे हात इतके भरून येतात की क्लच दाबणेही कठीण होते.

मला एका अनुभवी चालकाने सांगितले की गाडी जागच्या जागी उभी ठेवून तोल सांभाळता आल्याशिवाय पुढे जाऊच नये. दुसऱ्याने सांगितले की तो सराव सध्या सोडून द्यावा आणि अडथळ्यांवर भर द्यावा. माझा वेळ मर्यादित आहे. तर कोणत्या गोष्टी आधी पक्क्या कराव्यात, आणि माझ्या चुका नेमक्या कशामुळे होत असाव्यात?

दगडवाट

आपण लक्षणे इतकी नेमकी लिहिली आहेत की गाडी न पाहताही बरेच काही सांगता येते. माझ्या मते आपल्या तिन्ही तक्रारींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: आपल्या शरीराचा भार पायांऐवजी हातांवर येतो आहे. मी बरीच वर्षे नवख्यांना शिकवतो, आणि रस्त्यावरून ट्रायल्सकडे वळणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या बाबतीत सुरुवात येथूनच करावी लागते.

रस्त्यावरची गाडी साधारणतः शंभर किलोहून अधिक वजनाची असते आणि तिच्यावर आपण बसलेले असतो, त्यामुळे आपण शरीर थोडे इकडेतिकडे हलवले तरी एकूण तोलात मोठा फरक पडत नाही. ट्रायल्सच्या आधुनिक गाडीचे वजन मात्र साधारण ६५ ते ७५ किलो असते, तिला बसण्याची गादी जवळजवळ नसतेच, आणि चालकाचे वजन गाडीइतकेच असल्यामुळे एकूण वस्तुमानाचा निम्मा भाग आपल्याला हवा तिथे नेता येतो. या क्रीडाप्रकाराच्या इतिहासातही हेच दिसते. १९६५ साली सॅमी मिलर यांनी स्कॉटलंडमधील सहा दिवसांची ट्रायल हलक्या टू-स्ट्रोक बुल्ताको गाडीवर जिंकली, आणि त्यानंतर जड फोर-स्ट्रोक गाड्यांचे दिवस हळूहळू संपत गेले. गाडी जसजशी हलकी झाली तसतसे चालकाच्या शरीराचे काम वाढले. म्हणून उभे राहण्याची पद्धत हा येथे पहिला धडा असतो आणि तो कधीच संपत नाही.

फुटरेस्टवर पाऊल असे ठेवा की चवड्याच्या लगेच मागचा भाग त्यावर टेकेल आणि घोटा मोकळा राहील. गुडघे किंचित वाकलेले आणि बाहेरच्या बाजूला उघडे असावेत. टाकीला ते चिकटवून धरण्याची रस्त्यावरची सवय पूर्णपणे सोडावी लागेल, कारण पायांमध्ये गाडीला डावीउजवीकडे कलायला जागा हवी असते. कोपरे बाहेर आणि थोडी वर, पाठ सैल, हनुवटी वर, नजर पुढच्या चाकावर न ठेवता तीन-चार मीटर पुढे. भार कुठे आहे हे तपासण्याची एक सोपी रीत आहे. सपाट जमिनीवर दुसऱ्या गिअरमध्ये अगदी सावकाश सरळ जात असताना डाव्या हाताची बोटे एका क्षणासाठी हँडलवरून उघडा. शरीर पुढे पडू लागले तर भार हातांवर होता असे समजावे. तसे झाल्यास हात आखडून घेऊ नका. कंबर थोडी मागे न्या आणि घोट्यांतून तोल साधा. आपले हात वीस मिनिटांत भरून येतात, त्याचे मुख्य कारण मला हेच वाटते.

आता वळण. वेगात असताना आपण गाडीबरोबर आत कलतो, कारण बाहेर ओढणारा जोर त्या कलण्याला तोलून धरतो. चालण्याच्या गतीने जाताना तो जोर जवळजवळ नसतोच. त्यामुळे आपण गाडीबरोबर आत कललात की दोघांचेही वजन टायर आणि जमीन जिथे भेटतात त्या रेषेच्या आत जाते आणि कोसळणे अटळ होते. येथे गाडीला आत कलू द्यायचे आणि स्वतः बाहेर राहायचे. डावीकडे वळताना उजव्या फुटरेस्टवर भार टाका, कंबर उजवीकडे न्या, गाडी डावीकडे झुकू द्या. उजव्या पायाने जमिनीत खिळा ठोकतो आहोत अशी कल्पना केल्यास माझ्या शिकणाऱ्यांना ते लवकर समजते. आतला हात दुमडला जाईल आणि बाहेरचा लांबेल. खांदे हँडलबरोबर फिरू द्या आणि मान त्याहूनही पुढे, वळण जिथे संपणार आहे तिथे वळवा. जिथे नजर जाते तिथे खांदे जातात, आणि खांदे गेले की कंबर आपली जागा शोधते.

सरावासाठी दोन दगड साधारण सहा मीटर अंतरावर ठेवा आणि त्यांच्याभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखी वाट धरा. सुरुवातीला हँडल अर्धेच वळवावे. दहा फेऱ्यांपैकी आठ फेऱ्यांत पाय टेकला नाही तर अंतर अर्धा मीटर कमी करावे. डावे वळण झाल्यावर मधल्या सरळ भागात कंबर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला नेण्याचा जो क्षण असतो, तोच या सरावाचा गाभा आहे. तो घाईने उरकू नका. या सरावात मागचा ब्रेकही हलका लावून ठेवण्याची सवय पहिल्या दिवसापासून करावी, म्हणजे इंजिनाचा जोर आणि ब्रेकचा विरोध यांच्यामध्ये गाडी शांत चालते.

जागच्या जागी तोल सांभाळण्याबद्दल विचारलेत. तो सराव आवश्यक आहे, पण वेगळा वेळ काढून करण्याची गरज नाही. प्रत्येक वेळी सरावाच्या आरंभी पाच मिनिटे पुरेत. इंजिन बंद, पुढचा ब्रेक दाबलेला, हँडल पूर्ण डावीकडे वळवलेले आणि पुढचे चाक एखाद्या पक्क्या दगडाला टेकवलेले, अशा स्थितीत दोन्ही पाय फुटरेस्टवर ठेवून उभे राहा. दहा सेकंद जमू लागले की दगड काढून टाका.

अर्धाक्लच

दगडवाट यांनी उभे राहण्याविषयी लिहिले ते मी पुन्हा लिहीत नाही. मी गाड्या जुळवण्याचे काम करतो, त्यामुळे आपल्या प्रश्नातील झटक्याचा भाग मला विशेष महत्त्वाचा वाटला. वापरलेली गाडी घेतल्यानंतर पहिल्या मालकाने आपल्या उंचीला आणि सवयीला जुळवलेल्या गोष्टी तशाच ठेवून तीन महिने सराव करणारे पुष्कळ लोक मी पाहिले आहेत.

प्रथम क्लच आणि पुढच्या ब्रेकचे दांडे पाहा. हे दोन्ही दांडे एकाच बोटाने, म्हणजे तर्जनीने, चालवायचे असतात, आणि बाकीची तीन बोटे हँडल धरून ठेवतात. उभे राहिल्यावर हात आणि मनगट एका सरळ रेषेत येतील इतके दांडे खाली झुकलेले असावेत. ते फार वर असतील तर मनगट सतत मोडलेले राहते आणि हात भरून येण्याचे ते दुसरे कारण असू शकते. दांड्यांचे पकडक फार आवळून ठेवू नका, म्हणजे गाडी पडल्यावर दांडा तुटण्याऐवजी फिरेल.

टायरमधील हवा तपासा, आणि त्यासाठी कमी दाब दाखवणारे वेगळे मापक वापरा, कारण रस्त्यावरच्या गाडीसाठी असलेले मापक इतक्या खालच्या आकड्यांवर विश्वासार्ह नसते. मागच्या टायरमध्ये साधारण ४ ते ५ पीएसआय आणि पुढच्यात ६ ते ७ पीएसआय एवढीच हवा असते. रस्त्यावरच्या सवयीने हा आकडा फार कमी वाटतो, परंतु मऊ झालेला टायर दगडाच्या कडेला गुंडाळून धरतो, आणि ट्रायल्सची सगळी पकड तिथूनच येते. टायर कडक असेल तर आपण वर्णन केले आहे त्याप्रमाणे मागचे चाक ओंडक्यावरून उसळते. माझा पहिला संशय हवेवरच आहे.

तिसरी गोष्ट क्लचची. या गाड्यांचा क्लच सतत अर्धा दाबून चालवण्यासाठी बनवलेला असतो, त्यामुळे हाफ क्लचवर चालवल्याने प्लेटा जळतील ही रस्त्यावरची भीती येथे बाजूला ठेवावी. पण गाडी रात्रभर उभी राहिल्यावर प्लेटा एकमेकींना चिकटतात. इंजिन सुरू करण्यापूर्वी गिअर टाकून, क्लच पूर्ण दाबून गाडी पुढेमागे ढकला. त्या सुटल्याचे हाताला जाणवते. इंजिन गरम होईपर्यंत बारीक काम करू नका, कारण थंड तेलात क्लच ओढतो आणि झटका देतो.

संथ वळणात रेस जवळजवळ स्थिर ठेवावी, आयडलपेक्षा अगदी थोडी अधिक, आणि वेगाचे सगळे नियंत्रण तर्जनीने क्लचवर करावे. गाडी कोसळू लागली की क्लच एक-दोन मिलीमीटर सोडा, मागच्या चाकाला किंचित जोर मिळतो आणि गाडी स्वतः उभी होते. आपण त्या क्षणी रेस वाढवता, आणि टू-स्ट्रोक इंजिन थोडे थांबून मग एकदम प्रतिसाद देते, म्हणून झटका बसतो. कसलेल्या चालकांच्या डाव्या हाताची तर्जनी क्षणभरही स्थिर नसते, हे जवळून पाहिल्यास आपल्या लक्षात येईल.

एका बाबतीत मात्र माझे मत दगडवाट यांच्यापेक्षा वेगळे आहे. मागचा ब्रेक पहिल्या दिवसापासून लावून ठेवण्याची सवय मी नवख्यांना लावत नाही. उजवा पाय ब्रेकवर ताणलेला राहिला तर त्या फुटरेस्टवर भार नीट पडत नाही, आणि आपला प्रश्न मुळात भाराचाच आहे. पहिले काही आठवडे केवळ क्लचवर आठचा आकडा काढा. तो शांत झाला की मग ब्रेक जोडा.

चिखलयात्री

मी ओंडक्यापुरतेच लिहिते, कारण माझीही दोन वर्षे या एका अडथळ्याने खाल्ली आहेत.

बहुतेक लोक पुढचे चाक उचलण्यावर सगळे लक्ष देतात आणि ते वर गेले की काम झाले असे समजतात. ओंडक्यावर खरी परीक्षा मागच्या चाकाची असते. आपण लिहिलेल्या दोन्ही घटना, शेपटी उडणे आणि कडेने घसरणे, एकाच चुकीची दोन रूपे आहेत: मागचे चाक ओंडक्याला लागते त्या क्षणी आपली रेस चालू असते. ओंडका कोरडा आणि खडबडीत असेल तर टायर पकडतो आणि चाक गाडीला वर फेकते. ओंडका ओला, साल निघालेला किंवा थोडा तिरपा असेल तर टायर पकड सोडून बाजूला पळतो. उपाय दोन्हींसाठी एकच आहे. मागचे चाक ओंडक्यापर्यंत पोहोचेपर्यंत गती मिळालेली असली पाहिजे आणि ते टेकते तेव्हा इंजिनाचा जोर संपलेला असला पाहिजे.

हे कसे घडते ते क्रमाने सांगते. ओंडक्याला काटकोनात या, चालण्याच्या गतीने, पहिल्या किंवा दुसऱ्या गिअरमध्ये. पुढचे चाक ओंडक्यापासून साधारण एका चाकाच्या अंतरावर असताना गुडघे वाकवून खाली दबा, म्हणजे सस्पेन्शन दाबले जाईल. ते परत उसळू लागताच पाय सरळ करत उठा आणि त्याच वेळी क्लच सोडत थोडी रेस द्या. पुढचे चाक हाताने ओढायचे नाही. पाय, सस्पेन्शन आणि इंजिन मिळून ते उचलतात. चाक ओंडक्याच्या पलीकडे उंच नेण्याची गरज नाही. ते ओंडक्याच्या माथ्याला किंवा त्याच्या किंचित अलीकडे हलकेच टेकले पाहिजे. तेथे टेकल्यावर रेस बंद करा, क्लच दाबा आणि गुडघे सैल सोडून गाडीला आपल्या अंगाखाली वर येऊ द्या. मिळालेल्या गतीवर मागचे चाक लोळत चढते. जर आपण त्या वेळी पाय ताठ ठेवले तर आपले सगळे वजन मागच्या चाकावर दाबलेले राहते आणि ते चढू शकत नाही, म्हणून पायांचे हे ढिले होणे रेस बंद करण्याइतकेच महत्त्वाचे आहे. ते शिकायला मला सर्वांत जास्त वेळ लागला, कारण भीतीने शरीर नेमके त्याच क्षणी आखडते.

३० सेंटीमीटरचा ओंडका सध्या बाजूला ठेवा. १५ सेंटीमीटर जाडीचा, दोन्ही बाजूंनी खुंट्या ठोकून पक्का केलेला ओंडका घ्या. हलणारा ओंडका नवख्यासाठी धोकादायक असतो. प्रथम मागच्या चाकाचाच सराव करा: पुढचे चाक ओंडक्यापलीकडे ठेवून गाडी उभी करा, तेथून एक छोटा धक्का देऊन रेस बंद करा आणि मागचे चाक शांतपणे चढते का ते पाहा. हे वीस-तीस वेळा केल्यावर रेस कधी बंद करायची ती वेळ अंगात उतरते. मग पूर्ण क्रिया जोडा.

पुढचे चाक उचलण्याचा सराव करताना उजवा पाय मागच्या ब्रेकवर तयार असू द्या. गाडी मागे उलटू लागली तर तो ब्रेक पुढचे चाक तत्काळ खाली आणतो. आणि मनगटाला बांधायची इंजिन बंद करणारी दोरी प्रत्येक वेळी लावा. आपण एकट्या सराव करता असे लिहिले आहे, ते वाचून मला काळजी वाटली. शक्य असेल तर कोणाला तरी सोबत न्या. ते जमत नसेल तेव्हा अडथळे टाळून केवळ वळणांचा आणि तोलाचा सराव करा.

संथचाल

आपणा तिघांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण सांगितलेल्या गोष्टी करून पाहिल्याशिवाय उत्तर देणे योग्य वाटले नाही.

मागच्या टायरमध्ये ११ पीएसआय हवा निघाली. ती ५ वर आणल्यावर गाडी जणू वेगळीच झाली. दांडे खाली केले, आणि हात आता तासभर टिकतात. ब्रेकविना आठचा आकडा काढते आहे. दगडांमधील अंतर साडेचार मीटरवर आले आहे. डावे वळण शांत होते, पण उजव्या वळणात गाडी अजूनही मध्येच पुढे उडी घेते. लहान ओंडक्यावर दहापैकी सात वेळा मागचे चाक न उसळता चढते. एक मैत्रीण आता सोबत येते.

पुढच्या महिन्यात नवख्यांच्या गटात पहिल्यांदा स्पर्धेत उतरण्याचा विचार आहे. तेथे तीव्र उतार आणि आडव्या कलत्या जमिनीवरची वळणे असतील असे कळले. या दोन्हींचा सराव कसा करावा, आणि सेक्शनमध्ये, म्हणजे निशाणांनी आखलेल्या अडथळ्यांच्या टप्प्यात, जाण्यापूर्वी काय पाहावे?

दगडवाट

टायरचा आकडा वाचून अर्धाक्लच यांचा संशय खरा ठरला याचा आनंद झाला. ब्रेकच्या बाबतीतही, आपली प्रगती पाहता, या वेळी त्यांचेच म्हणणे बरोबर होते असे मी मान्य करतो.

उजव्या वळणात हँडलचे उजवे टोक आपल्या पोटाकडे येते. कोपर खाली राहिले तर मनगटाला जागा उरत नाही, ते आपोआप मागे फिरते आणि रेस वाढते. वळणात शिरण्यापूर्वीच उजवे कोपर वर उचला आणि मूठ हँडलवर थोडी पुढून, दाराची गोल मूठ पकडावी तशी तिरपी धरा. गाडी उभी करून, हँडल पूर्ण उजवीकडे वळवून ही पकड आधी बसवून घ्या.

उतारावर पहिला गिअर, कंबर मागे, गुडघे वाकलेले, आणि हात लांब पण कोपरात थोडा वाक राखलेला. हात पूर्ण ताठ झाले तर हँडल वळवता येत नाही. उतारावर वजन पुढच्या चाकाकडे सरकते, त्यामुळे थांबवण्याची बहुतेक ताकद पुढच्या ब्रेकमध्येच असते. रस्त्यावरच्या लोकांना त्याची भीती वाटते आणि ते मागच्याच ब्रेकवर विसंबतात, मग मागचे चाक अडकून गाडी आडवी होते. तर्जनीने पुढचा ब्रेक हळूहळू वाढवा, चाक घसरल्याचे जाणवताच सोडा आणि पुन्हा लावा. टू-स्ट्रोक इंजिन स्वतः फारसे रोखत नाही, म्हणून दोन्ही ब्रेक लागतीलच, आणि मागचा ब्रेक लावताना इंजिन बंद पडू नये म्हणून क्लचवर बोट तयार ठेवावे.

चढावर याच्या उलट चूक होते. लोक चढाच्या मध्यावर रेस वाढवतात आणि चाक जागच्या जागी फिरू लागते. गती पायथ्याशी मिळवा, वर जाताना रेस कमी करत न्या. मध्येच गाडी थांबली तर पुढच्या ब्रेकवर विसंबू नका, कारण चढावर पुढच्या चाकावर वजन फार कमी असते आणि अडकलेले चाकही मागे घसरते. इंजिन बंद करून, गिअर टाकलेल्या अवस्थेत क्लच सोडा, म्हणजे मागचे चाक गाडी धरून ठेवील. मग नेहमी वरच्या बाजूला उतरा. गाडीच्या खालच्या बाजूला कधीही उभे राहू नका.

कलत्या जमिनीवर नियम वळणासारखाच आहे. उताराच्या बाजूच्या, म्हणजे खालच्या फुटरेस्टवर भार द्या आणि गाडी डोंगराच्या बाजूला किंचित झुकू द्या, म्हणजे टायर जमिनीत दाबला जातो. मन नेमके उलट सांगते, स्वतःच वर डोंगराकडे झुकावेसे वाटते, आणि शरीर तसे झुकले की दोन्ही चाके खाली सरकतात. गवत असलेल्या हलक्या उतारावर आठचा तोच आकडा काढा. त्याचे एक वळण चढाकडे आणि दुसरे उताराकडे असेल, त्यामुळे येथे विचारलेल्या सगळ्या गोष्टींचा सराव एकत्र होईल.

चिखलयात्री

स्पर्धेत उतरता आहात हे वाचून फार बरे वाटले. सेक्शन आधी पायी चालून पाहण्याची मुभा असते, आणि त्यासाठी पुरेसा वेळ द्या. एकदा आत येताना चालकाच्या नजरेने चाला, मग शेवटच्या निशाणापासून उलट चालत या. उलट चालताना प्रत्येक अडथळ्यासमोर गाडी कोणत्या कोनात असायला हवी ते कळते, आणि त्यावरून आधीचे वळण कुठे घ्यायचे ते ठरते. दगड पायाने दाबून पाहा, तो हलतो की नाही. तुमच्या आधीच्या चालकांची मागची चाके कुठे घसरतात ते पाहा, पण त्यांची वाट डोळे झाकून धरू नका. त्यांचे कौशल्य तुमच्याहून वेगळे असू शकते, आणि दहा चाकांनी गुळगुळीत केलेली वाट कधी कधी शेजारच्या अस्पर्शित मातीपेक्षा वाईट असते.

गुणपद्धतीचा विचार वाट निवडतानाच करा. पाय न टेकता पार केल्यास शून्य दंड, एकदा टेकल्यास १, दोनदा टेकल्यास २, त्याहून अधिक कितीही वेळा टेकल्यास ३, आणि गाडी पडली, इंजिन बंद पडून आधार घ्यावा लागला किंवा सीमेबाहेर गेली तर ५. म्हणजे तीनदा पाय टेकल्यानंतर चौथ्यांदा, पाचव्यांदा टेकण्याने काहीही बिघडत नाही. तेव्हा शरमून थांबू नका, दोन्ही पाय चालवत गाडी बाहेर काढा, कारण ३ आणि ५ यांतील फरक दिवसअखेर मोठा होतो. तसेच एक पाय टेकून खात्रीने पुढे जाता येत असेल तर शून्याच्या हट्टाने ५ पदरात घेऊ नका.

जागच्या जागी थांबण्याबद्दल आयोजकांना आधी विचारून घ्या. काही स्पर्धांत पुढे जाणे थांबले की लगेच ५ दिले जातात, काहींत थांबून तोल सावरण्याची परवानगी असते. २०१३ साली जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतही न थांबण्याचा नियम आणला गेला होता, आणि त्यावर चालकांमध्ये बराच वाद झाला. आपल्या स्पर्धेत थांबणे चालत नसेल तर वळणापूर्वी क्षणभर थबकण्याची सवय असल्यास ती आताच मोडा. आठचा आकडा काढताना मैत्रिणीला बाजूला उभे करा आणि चाकांचे फिरणे पूर्ण थांबले की तिला आवाज द्यायला सांगा; चालवणाऱ्याला स्वतःला ते थांबणे बहुतेक वेळा जाणवत नाही.